चालू संसाराची अट

माझ्या हातून आजवर चाळीसेक हजार ओळींचा कोड लिहून झाला असेल. त्यात चुका पुष्कळ होत्या आणि त्या यथावकाश सापडल्या, दुरुस्त झाल्या, विसरल्या गेल्या. एक ओळ मात्र मी समजून-उमजून लिहिली. तिची मला इतकी लाज वाटते की अजूनही कोणी कामाबद्दल विचारलं तर मी आधी इकडचं तिकडचं बोलतो.

'आप्तनोंद' आता घरोघरच्या फोनवर आहे. लोक आपलं पान उघडतात, वर स्वतःचं नाव, खाली 'संबंधित नोंदी'च्या चौकटीत आईबाप, भावंडं, मुलं. त्यांना वाटतं, सरकारकडं आपल्या कुटुंबाचा एक फोटोच काढून ठेवलाय. तसं काही नसतं. एका तक्त्यात सगळी माणसं असतात, प्रत्येकाला एक क्रमांक. दुसऱ्या तक्त्यात नुसत्या जोड्या असतात: हा क्रमांक त्या क्रमांकाची आई, तो क्रमांक याची मुलगी. तुम्ही पान उघडलंत की आमचा प्रोग्राम दोन्ही तक्त्यांना मिळून एक प्रश्न विचारतो आणि उत्तरात जेवढी माणसं येतील तेवढी तुमच्यापुढं मांडतो. प्रश्नात एखादी अट वाढवली तर त्या अटीत न बसणारी माणसं येत नाहीत. ती तक्त्यात सुखरूप असतात, कोणाला दिसत नाहीत एवढंच. २०३८ साली हा प्रश्न लिहायचं काम माझ्याकडं होतं.

खरी अडचण बायकांची होती. आमच्याकडं लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि कित्येक घरांत ताटात तांदूळ पसरून अंगठीनं तिचं पहिलं नावही नवं लिहितात. फोटोत छान दिसतं. डेटाबेसच्या लेखी मात्र त्या दिवशी एक बाई नाहीशी होते आणि एकोणीस वर्षांची दुसरीच बाई आकाशातून पडते. शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि रेशन कार्डावरची सून एकच, हे कुठल्याही यंत्राला कळायला मार्ग नव्हता.

मार्ग निघाला तो गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यानं. आपल्या पेशींत मायटोकाँड्रिया नावाचे बारीक कण असतात. त्यांचा डीएनए मुलाला आईकडूनच मिळतो, बापाकडून नाही. त्यामुळे आईची रेष त्यात सलग राहते, नाव कितीदाही बदला. ही रेष आई, मावशी, बहीण सगळ्यांची एकच असते. मग कोण कोणाची कोण, हे उरलेल्या डीएनएवरून ठरतं. आई आणि मूल यांच्यात तो निम्मा जुळतो. आई एक आणि बाप वेगळे अशा भावंडांत पाव हिस्सा. हे वाचणारं यंत्र स्वस्त झालं, आरोग्य केंद्रांतून सगळ्यांचे बोळे घेतले गेले आणि दोन वर्षांत जोड्यांचा तक्ता भरला. ज्या नात्यांचा कुठं कागद नव्हता तीही त्यात आली.

हे सगळं केलं ते आजारांसाठी. एखाद्याला आनुवंशिक आजार सापडला की त्याच्या मुलांना, भावंडांना आपोआप इशारा जायचा. त्यांच्यापैकी कोणाला तो निघाला तरच पुढच्या पिढीला. कोणाला एखादं नातं दाखवायचं नसेल तर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा देऊन ते झाकायचीही सोय होती. झाकलं तरी इशारा मात्र जायचाच, कोणाचंही नाव न सांगता. माणसांचा विचार करून बांधलेली गोष्ट होती ती, हे मला मान्य करायला हवं, कारण तो विचार माझा नव्हता.

मंत्र्यांपुढं दाखवायच्या आदल्या आठवड्यात आम्ही सगळे आपापल्या घरच्यांची पानं उघडून तपासत होतो. मी आईचं उघडलं. संध्या दिनकर थोरवत. पूर्वीची नावं: मालन, रोहिणी. अपत्यं दोन. त्यातला एक मी, हर्षल. दुसरी उज्ज्वला, जन्म १९९८, जत तालुका.

मी २००३चा. आईबाबांचं लग्न २००१चं. पानावर सगळं तारीखवार होतं: आईचं पहिलं लग्न, तीन वर्षांत त्या माणसाचा अपघाती मृत्यू, एक वर्षाची मुलगी, दोन वर्षांनी दुसरं लग्न. मुलगी पहिल्या सासरीच राहिली होती. आमची पोरगी आमच्या घराण्यात राहील, असं तिथल्या कोणीतरी म्हटलं असणार. जेवणाची सुट्टी झाली तरी मी जागचा उठलो नाही.

विधवेनं पुन्हा लग्न करावं की नाही यावर मी कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेला माणूस. जगातल्या कुठल्याही बाईची बाजू मी तासभर मांडली असती. माझ्या स्वतःच्या आईच्या बाबतीत मला पहिल्यांदा काय सुचलं, तर सासऱ्यांचा चेहरा. त्यांनी लग्न ठरवताना आमचं घराणं पार मुळापासून उकरलं होतं. आता माझ्या मुलीचं, म्हणजे त्यांच्या नातीचं पान ते कौतुकानं सगळ्या भावकीला दाखवणार, त्यात आजीवर बोट ठेवणार आणि खाली ही सगळी हकिकत. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती सांगायची जास्त लाज वाटते. मी आईचं पहिलं मूल नव्हतो आणि पस्तीस वर्षांच्या बाप्याला त्याचं वाईट वाटलं होतं.

आईला सांगून ते नातं रीतसर झाकता आलं असतं. पण त्यासाठी तिच्यासमोर बसून बोलावं लागलं असतं. मी त्याऐवजी प्रश्नात एक अट घातली: बाईची अपत्यं दाखवताना चालू संसारातली तेवढीच दाखवावीत. उरलेल्यांच्या पानावरून मग आईही जाणार होती. एकट्या आईसाठी अट घातली असती तर कोणाच्याही डोळ्यांवर आली असती, म्हणून ती सरसकट सगळ्या राज्याला घातली.

माझा कोड तपासायला रुबिना मुजावरकडं जायचा. ती वयानं लहान, पण नजर करड्या मास्तराची.

"सर, ही अट कशाला? पहिल्या लग्नाची पोरं येणार नाहीत की ह्यात."

"पान उघडायला चार सेकंद लागायलेत. मंत्री थांबतील चार सेकंद?"

"पण इशारेपण ह्याच प्रश्नावरनं जातात."

"ते वेगळं करू नंतर. आणि कुटुंब म्हणजे चालू घर, रुबिना. रेशन कार्डावर तरी दुसरं काय असतं?"

तिला पटलं नव्हतं. पण मी तिचा वरिष्ठ आणि मला बोलता येतं. तिनं मंजुरी दिली. पान एका सेकंदात उघडायला लागलं आणि मंत्र्यांनी माझी पाठ थोपटली. 'नंतर' कधी आलं नाही.

तीन वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यानंतर आईला खोकला धरला, गल्लीतल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता ती एकदम कलंडली. मिनिटभरात शुद्धीवर आली आणि सांडलेली मेथी गोळा करायला लागली. आम्ही तिला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरनं हृदयाचा आलेख पुढं धरला. "प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हावं लागतं. काकूंच्या पेशींना त्याला जास्त वेळ लागतो. एरवी कळत नाही. पण काही औषधांनी, नाहीतर जोरात पळताना, पोहताना हा वेळ आणखी बिघडला तर ठोके एकदम विसकटतात. तरुण माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. रोज एक गोळी घेतली, पळापळ टाळली की माणूस नव्वद वर्षं जगतो. फक्त माहीत पाहिजे. मुलांत येण्याची शक्यता निम्मी."

माझी तपासणी तिथंच झाली. मला तो दोष नव्हता. डॉक्टरनं आईचं पान उघडलं आणि समाधानानं म्हणाला, "अपत्य एकच. चला, संपला विषय."

आई खाटेवर बसली होती. डॉक्टर गेल्यावर बराच वेळ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"हर्षल, तू केलंयस न्हवं ते? ज्याच्यावर कळतंय ते?"

"हो."

"ते सगळ्या लेकरांस्नी कळवतंय न्हवं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. चाळीस वर्षांत ती या विषयाच्या इतक्या जवळ कधी आली नसेल. मी जर त्या वेळी नुसतं 'आई' म्हणून तिच्या शेजारी बसलो असतो, तरी तिनं सगळं सांगितलं असतं.

"हो, आपोआप जातं ते," मी म्हणालो.

"बरं झालं मग," असं म्हणून ती आडवी झाली आणि लगेच झोपली.

त्यानंतर चार दिवस मी काही केलं नाही. हे चार दिवस मी कोणालाच नीट समजावून देऊ शकत नाही. सकाळी ठरवायचो, आज सांगू. ऑफिसात गेल्यावर वाटायचं, बदल कोणी केला याची नोंद प्रोग्राममध्ये कायम राहते, अट काढली की घालणाराचं नाव वर येणार. मग वाटायचं, त्या बाईला दोष नसेलही, निम्मी शक्यता आहे. आपण नापास होऊ नये म्हणून पोरं नवस बोलतात तसा मी त्या 'निम्मी'ला धरून बसलो होतो.

सोमवारी मी करू नये ते केलं: अधिकार नसताना उज्ज्वलाचं पान आतल्या बाजूनं उघडलं. शेरीवाडी, तालुका जत. नवरा, डाळिंबाची बाग. मुलगी एक, ईश्वरी, वय वीस. ईश्वरीच्या नोंदीला पोलीस भरतीचा अर्ज जोडलेला होता. लेखी परीक्षा पास. मैदानी चाचणी, धावणे आठशे मीटर, गुरुवारी सकाळी.

मी उठून रुबिनाच्या टेबलाशी गेलो. "ती चालू संसाराची अट काढ. आत्ता."

"का काढायची, सर?"

"कारण ती मी माझ्या आईसाठी घातली होती. तिचं पहिलं लग्न दिसू नये म्हणून."

रुबिनानं माझ्याकडं पाहिलं. तिनं पाठ फिरवली आणि अट काढली. मग काहीही न विचारता तिनं मागच्या तीन वर्षांचे इशारे पुन्हा चालवले. चार लाख बारा हजार नाती परत दिसायला लागली. जायला हवे होते आणि गेले नव्हते असे इशारे एकसष्ट. त्यातल्या तीन नावांपुढं मृत्यूची तारीख होती. एक माणूस बत्तीस वर्षांचा होता, तपशिलाच्या रकान्यात 'विहिरीत पोहताना' असं लिहिलं होतं.

"ह्यातलं दोन तर मी मंजुरी दिल्यानंतरच्याच वर्षातलं हाय," रुबिना म्हणाली. "माझी सही हाय त्याच्यावर, सर."

"तुझा काही दोष नाही."

"ते तुम्ही ठरवू नका."

त्याच दुपारी मी खात्याला सगळं लेखी कळवलं. चौकशी बसली आहे, तिचं व्हायचं ते होईल. त्या तीन घरांना मी अजून भेटलेलो नाही. पत्ते माझ्याकडं आहेत.

उज्ज्वलाला इशारा गेला. पण ईश्वरी पुढच्या पिढीतली. उज्ज्वलाची तपासणी होऊन दोष निघाल्याशिवाय तिला इशारा जाणारच नव्हता आणि मध्ये दोन दिवस होते. मंगळवारी सकाळी मी गाडी काढली.

शेरीवाडीत घर शोधायला वेळ लागला नाही. दारातल्या बाईची मला आधी हनुवटी दिसली. ती माझ्या आईची होती. मी कोल्हापूरपासून पाठ करत आलेली वाक्यं विसरलो.

"कोण पायजे?"

"उज्ज्वलाताई, मी कोल्हापूरहून, आप्तनोंदीच्या ऑफिसातनं आलोय. काल तुम्हाला निरोप आला असेल."

"आलाय की. हृदयाचं कायतरी. तुमच्या निरोपाचं काय खरं न्हाई बघा. मागं मालक मेले म्हणून आलता, आणि मालक समोर भाकरी खात बसलेले." ती हसली. "तेवढ्यासाठी कोल्हापूरवरनं आलाय? बसा की."

मी बसलो नाही. कालव्याच्या रस्त्यानं एक मुलगी धावत येत होती. अंगणात शिरून तिनं मनगटावरचं घड्याळ दाबलं. "दोन बेचाळीस, आई!" घामानं निथळत होती आणि तोंडभर हसत होती. मी फक्त तिच्या छातीकडं बघत होतो, श्वास नीट चाललाय ना म्हणून. तिनं ओढणी घेतली तेव्हा मला त्याचीही लाज वाटली.

"हिला आता पळू देऊ नका," मी म्हणालो. "आधी दोघींची तपासणी करून घेऊ."

उपकेंद्रातल्या सिस्टरबाई शहाण्या होत्या. फोन केल्यावर दहा मिनिटांत आल्या, दोघींच्या छातीवर पट्टी चिकटवली आणि पडद्यावरची रेष बघत बसल्या. उज्ज्वलाची ठोक्यानंतर सावरायची रेष लांब होती. ईश्वरीची तिच्याहून लांब. सिस्टरबाईंनी दवाखान्यातल्या डॉक्टरला रेषा पाठवल्या, फोनवर बोलल्या आणि म्हणाल्या, "गोळी आजपासनं. पळायचं मात्र बंद, ईश्वरी."

"परवा मैदान हाय माझं."

"मैदान न्हाई आता तुला."

ईश्वरी उभीच राहिली. "दोन वर्षं मी पहाटे पाचला उठलीय. हे तवाच सांगितलं असतं तर मी दुसरं कायतरी केलं असतं. तलाठ्याची परीक्षा दिली असती." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्हाला आत्ता कसं कळलं? आधी का न्हाई?"

"तांत्रिक अडचण होती," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला आणि माझे कान गरम झाले. सिस्टरबाई पट्ट्या गुंडाळून निघून गेल्या.

उज्ज्वला पायरीवर बसली होती. लेकीची नोकरी गेली, जीव वाचला, यातलं काय आधी धरावं हे तिला उमगत नसावं. पण तिनं विचारलं ते तिसरंच. "आजार आईकडनं आलाय म्हणता. म्हंजे ती तुमच्यात दिसतीय?"

"हो."

"मला दिसत न्हवती. बोळा दिल्यापासनं मी दर महिन्याला पान उघडायची. आईच्या जागंवर लिहिलेलं असायचं, 'दाखवण्याजोगी नोंद नाही'. मग एकदा तालुक्याला जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणला, झाकली असणार तुमच्या आईनं. आपल्याच अंगठ्यानं झाकता येतंय." ती स्वतःच्या अंगठ्याकडं बघत होती. "त्याच्यानंतर न्हाई उघडलं. मी म्हणलं, तिचा संसार हाय. तिला नको असंल आपण."

मी तिथून निघून येऊ शकलो असतो. गाडी दारात होती, काम झालं होतं, दोघी जिवंत होत्या. उद्या तिनं पान उघडलं असतं तर तिला आई दिसली असती आणि आईनंच झाकलेलं उघडलं असं तिनं धरलं असतं. आईला वाईटपणा आला असता आणि मला काहीच झालं नसतं. मी तो विचार केला, हे मी लिहून ठेवतो.

"तिनं नाही झाकलं," मी म्हणालो. "मी झाकलं. मी तिचा मुलगा. प्रोग्राम माझा होता. लोकांत दिसू नये म्हणून मी तुम्हाला यादीतनं काढलं. तुम्हाला एकट्यांना काढता येईना म्हणून सगळ्यांनाच काढलं. तांत्रिक अडचण काही नव्हती."

"म्हंजे तू धाकटा व्हय," ती म्हणाली. मग, "तिला ठावं हाय हे?"

"नाही. तिला वाटतंय तुम्हाला कळवलंय. दवाखान्यात तिनं मला तेवढंच विचारलं होतं, सगळ्या लेकरांना कळवतं ना म्हणून."

"सगळ्या म्हणली?"

"सगळ्या म्हणाली."

उज्ज्वलानं तोंडावर पदर घेतला. ती रडत होती, की हसत होती, की दोन्ही. तिनं मला शिव्या द्याव्यात, पायातलं काढून मारावं, असं मला मनापासून वाटत होतं. "ईश्वरे," ती पदराआडून म्हणाली, "आजीनं झाकलं न्हवतं गं. ती म्हणली सगळ्या लेकरांस्नी." तिनं डोळे पुसले, माझा हात धरून मला पायरीवर आपल्याशेजारी बसवलं आणि म्हणाली, "मामाला पाणी दे. च्या टाक."

मामा. माझी मान वर होईना. तीन वर्षं मी त्या बाईची आई पळवली होती आणि ती मला चहा पाजत होती.

ईश्वरी जागची हलली नाही. पायातले बूट तिनं अजून काढले नव्हते.

"मी न्हाई करणार च्या," ती म्हणाली. "आई, तुला ह्यांनी तुझी आई दिली म्हणून तू खुश हायस. माझं काय दिलं ह्यांनी?"

"असं बोलू नये, ईश्वरे."

"बोलू दे तिला," मी म्हणालो. त्या अंगणात माझ्यावर चिडलेली ती एकटीच होती आणि मी कुठंतरी त्याच एका माणसाला शोधत आलो होतो.